दुखरं मनगट आणि तीन फुटांचं दार

माऊसचा आवाज येत नसेल तर काम चाललेलं नाही, अशी आमच्या ऑफिसची समजूत होती. अकोल्यात बसस्टँडपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. खिडकीशी ओळीनं टेबलं, टेबलांवर कॉम्प्युटर आणि त्यापुढे आम्ही ड्राफ्ट्समन मंडळी. मी बाई असले तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच. आमचे आर्किटेक्ट राजूरकर सर काचेच्या केबिनमध्ये बसत. बाहेरून टिकटिक टिकटिक येत राहिली की ते निवांत असत. ती थांबली की मान वर करून बघत.

ज्यांचा या कामाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. घर कसं असावं ते आर्किटेक्ट सुचवतो. ते उभं कसं राहील ते इंजिनिअर बघतो. आणि मिस्त्रीला वाचता येईल असं ते कागदावर आम्ही काढतो. मी मूळची अमरावतीची, शाळामास्तरांची मुलगी. आयटीआयमध्ये शिकले तेव्हा हे सगळं हातानं होतं. ड्रॉइंग बोर्ड, ट्रेसिंग पेपर, शाईचे पेन. रेघ चुकली तर ब्लेडनं अलगद खरवडायची, कागद फाटणार नाही अशा बेतानं. लग्न होऊन अकोल्याला आले आणि थोड्याच वर्षांत कॉम्प्युटर आले, नकाशे काढायचं कॅड आलं. आम्ही सगळ्यांनी ते पटकन उचललं. पण उचललं म्हणजे काय, तर बोर्डावर जे करायचो तेच पडद्यावर करू लागलो. एकेक रेघ, एकेक खिडकी, एकेक पायरी. टिकटिक टिकटिक.

माझं मनगट दुखायला लागलं ते अंगठ्याच्या बाजूनं. आधी पोळ्या लाटताना, मग कुलूप उघडताना, मग नुसता चहाचा कप उचलताना. डॉक्टरांनी अंगठा मुठीत धरून हात खाली वाकवायला सांगितला आणि मी ओरडलेच. त्यांनी मनगटाला पट्टा दिला आणि म्हणाले, "उजव्या हातानं माऊस बंद. किती दिवस ते सांगता येत नाही. कदाचित कायमचा."

दुसऱ्या दिवशी पट्टा बांधूनच ऑफिसला गेले. राजूरकर सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मग म्हणाले, "ताई, तुम्ही आता प्लॉटर सांभाळा. नकाशे छापायचे, घड्या घालायच्या, मनपात कोणता संच जायचा, साइटवर कोणता, ते बघायचं. जबाबदारीचं काम आहे."

प्लॉटर म्हणजे मोठे नकाशे छापायचं यंत्र. जबाबदारीचं काम होतं हे खरं; पण कागदाच्या घड्या घालत निवृत्त व्हायचं, हे काही माझ्या गळी उतरेना.

"सर, मला थोडी मुदत द्या," मी म्हटलं. "डाव्या हातानं करून बघते."

"डाव्या हातानं वेग येईल?"

"नाही येणार. पण बघते."

वेग आला नाहीच. डाव्या हातात माऊस धरला की बाण पडद्यावर पतंगासारखा भरकटायचा. एका भिंतीला इतका वेळ लागायचा की शेजारच्याचा मजला पूर्ण व्हायचा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हात बदलून भागणार नाही. माऊस जितका कमी हलवावा लागेल तितकं बरं. मग मी एक सवय लावून घेतली. माऊसला हात लावायच्या आधी स्वतःला विचारायचं: हे काढायलाच हवं का? की आधी कुठं काढलेलं आहे?

कॅडमध्ये प्रत्येक कामाला एक आज्ञा असते आणि तिला एक-दोन अक्षरांचं छोटं नाव असतं. ते नाव टाइप केलं की वरच्या चित्रांमध्ये शोधत फिरावं लागत नाही. ही छोटी नावं कंपनीनं अशी ठेवलेली असतात की बहुतेकांना ती कीबोर्डच्या डावीकडं सोयीची पडतात. माझा माऊसच डाव्या हातात. पण ती नावं बदलता येतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी ती सगळी उजव्या हाताच्या बोटांखाली आणून ठेवली. पट्ट्यातून बोटांची टोकं बाहेर होती, तेवढी पुरत होती. भिंत काढायची तर माऊसनं फक्त दिशा दाखवायची आणि लांबीचा आकडा टाइप करायचा. टोक शोधत जायची गरज नाही. खिडकी एकदाच नीट काढून तिचा ब्लॉक करायचा, म्हणजे ठसा. मग घरभर तोच ठसा. मूळ ठशात बदल केला की सगळ्या खिडक्या आपोआप बदलतात. भिंतीचा रंग, रेघांची जाडी, अक्षरांचा आकार, कागदाची चौकट हे सगळं भरून ठेवलेली एक कोरी फाइल केली. नवं काम आलं की तिच्यापासून सुरुवात. आणि तळमजल्याचा नकाशा वरच्या मजल्याच्या नकाशाला जोडून ठेवायचा, म्हणजे खाली खांब सरकला तर वर वेगळा सरकवावा लागत नाही.

यातलं काहीही मी शोधलेलं नाही. सगळं त्या प्रोग्रॅममध्ये पहिल्या दिवसापासून होतं. घरात पाणी तापवायचा बंब असताना आम्ही विस्तवावर पातेली चढवत होतो, इतकंच.

सरांची मात्र पंचाईत झाली. माझ्या टेबलावरून आवाजच येईना. एकदा ते मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही काम करून राहिल्या की विचार?"

"दोन्ही," मी म्हटलं.

त्यांनी पडद्यावर बघितलं. मग शेजारच्या पडद्यावर बघितलं. आणि केबिनमध्ये गेले. संध्याकाळी निघताना म्हणाले, "ती तुमची कोरी फाइल सगळ्यांना देऊन टाका." प्लॉटरचा विषय पुन्हा निघाला नाही.

माझी खुर्ची वाचली तशी माझ्याकडं गिऱ्हाइकं पाठवायला सुरुवात झाली, कारण समोर बसून बदल सांगणाऱ्या माणसाला मी तिथल्या तिथं बदल करून दाखवू शकत होते. अमरावतीचे एक वकीलसाहेब यायचे. पांढरा शुभ्र सदरा आणि खिशात स्टीलची पट्टी. माझ्या पडद्यावर ती पट्टी लावून ते खोल्या मोजायचे. "हे देवघर तर चार बोटांचं आहे हो!" मी माऊसचं चाक फिरवून चित्र मोठं केलं की पुन्हा पट्टी लावायचे आणि समाधानानं म्हणायचे, "हां, आता वाढवलंत." चित्र मोठं झालं म्हणजे घर मोठं होत नाही, हे मी त्यांना नाना परींनी समजावलं. त्यांनी उलटतपासणीत मलाच अडकवलं. शेवटी मी पट्टी लावू द्यायचे आणि आकडा दाखवून सही घ्यायचे. घर छान झालं त्यांचं. देवघरही.

पण मला सांगायचं आहे ते तायडेंच्या घराबद्दल.

प्रमिलाबाई तायडे एका उन्हाळ्यात जिना चढून आल्या. बार्शीटाकळीकडची शेतकरी बाई, काळ्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या राहिलेलं घराणं. पदरानं घाम पुसत माझ्यासमोर बसल्या आणि पिशवीतून एक नकाशा काढून टेबलावर पसरला. कोणीतरी ओळखीच्यानं करून दिलेला, तीस बाय पन्नासच्या प्लॉटवरचा, अगदी नेहमीसारखा नकाशा होता.

"यात काय बदलायचं आहे?" मी विचारलं.

"आमचे मालक कापसाच्या गाडीवरून पडले," त्या म्हणाल्या. "कमरेखाली जीव नाई. खुर्चीवर असतात, चाकाच्या. खेड्यातलं घर चढउताराचं, म्हनून इथं बांधून राहिलो."

"बरं. मग उतार करावा लागेल पुढं—"

"उताराचं मंग पाहू." त्यांनी बोट नकाशातल्या एका कोपऱ्यावर ठेवलं. संडास-न्हाणी होती तिथं. "मले एवढंच पाह्यजे. मालकायले इथं एकट्यानं जाता आलं पाह्यजे. मी सोबत नाई. पोरगं नाई. कोनीच नाई." मग थांबून हळू आवाजात म्हणाल्या, "मी आजवर समदं केलं, पुढंबी करीन. मले त्याचा कंटाळा नाई, बाई. पन मानूस बोलतच नाई आता. मी आत नेलं की तोंड तिकडं फिरवतात."

मी नकाशातलं ते दार बघितलं. अडीच फूट. माझ्या कोऱ्या फाइलमध्ये संडासाच्या दाराचा जो ठसा होता तोही अडीच फुटांचाच. सगळीकडं तेवढाच असतो. लाकडी चौकट वजा जाता आत उरतात जेमतेम सव्वादोन फूट. चाकाची खुर्चीही साधारण तेवढीच, आणि चाकं फिरवणारे हात बाहेरच राहतात.

"त्यांना एकदा आणता का?" मी विचारलं.

"येत नाई म्हनतात. घर तुमी करून राहिले, तुमीच पाहा म्हनतात."

तरी त्यांनी आणलं. ऑफिसला लिफ्ट नव्हती. खाली व्हॅन उभी होती आणि औषधाच्या दुकानासमोर वसंतराव तायडे खुर्चीत बसले होते. दणकट खांद्यांचा माणूस, डोक्याला पांढरा रुमाल. मी लॅपटॉप घेऊन खाली गेले आणि त्यांच्या शेजारी दुकानाच्या पायरीवर बसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"मला तुमच्या खुर्चीचं माप घ्यायचंय," मी म्हटलं.

"घ्या."

मी टेप लावला. रुंदी, लांबी, पाय ठेवायची पट्टी किती पुढं येते, बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून किती उंच. मग म्हटलं, "आता एकदा जागेवर गोल फिरून दाखवा."

"कायले?"

"वळायला किती जागा लागते ते बघायचंय."

त्यांनी एक चाक धरलं, दुसरं फिरवलं आणि रस्त्याच्या कडेला एक पूर्ण गोल घेतला. औषध घ्यायला आलेले दोघं-तिघं बघत राहिले. मी खडूनं खुणा केल्या. पाच फुटांचं वर्तुळ झालं. मग तिथंच बसून मी त्या खुर्चीचा ठसा केला, भोवती वर्तुळासकट, आणि तो त्यांच्या घराच्या नकाशात सोडला.

"हे तुम्ही," मी पडदा त्यांच्याकडं वळवून म्हटलं. "आता सांगा कुठं जायचंय."

पहिल्यांदाच त्यांनी मान वळवली. बराच वेळ बघत होते. "फाटकातून आत घ्या," म्हणाले.

मी खुर्ची आत घेतली. जोतं दोन फूट उंच. त्याला चढ देताना उतार अंगणाबाहेर जात होता. जोतं दीड फुटावर आणलं आणि घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेतून अठरा फुटांचा उतार व्हरांड्यापर्यंत नेला. वसंतराव म्हणाले, "हं. पुढं." दिवाणखान्यातून खुर्ची पॅसेजमध्ये आली आणि वर्तुळ भिंतीत घुसलं. मी भिंत सरकवली. एका बाजूला सरकली की दुसऱ्या बाजूच्या खोलीचं क्षेत्रफळही आपोआप बदलत होतं. ते त्यांना आवडलं असावं. मग स्वतःच सांगायला लागले. "ते कपाट काढा तिथून. इकडून नाई, तिकडून वळवा." न्हाणीच्या दाराशी आल्यावर दोघंही थांबलो. दार तीन फुटांचं केलं. तरी उघडताना पान खुर्चीला आडवं यायचं. शेवटी सरकतं दार केलं, भिंतीला समांतर जाणारं.

प्रमिलाबाई व्हॅनला टेकून उभ्या होत्या.

निघताना वसंतराव म्हणाले, "ती खिडकी किती वर हाय?"

"तीन फूट. सगळीकडं तेवढीच असते."

"मंग मले बाहेरचं काय दिसन? आभाळ?"

मी त्यांच्या डोळ्यांची उंची मघाशीच मोजली होती आणि तरीही हे मला सुचलं नव्हतं. मूळ ठशात खिडकी दोन फुटांवर आणली. पडद्यावर घराच्या दर्शनी चित्रात सगळ्या खिडक्या एकदम खाली उतरल्या.

"हां," ते म्हणाले. "आता रस्ता दिसन."

बांधकाम गजानन मिस्त्रींकडं होतं. चांगला कारागीर, त्यांच्या भिंतीला ओळंबा लावायची गरज पडत नाही. पण आमच्या धंद्यातलं एक दुखणं असं की नकाशा कितीही नेमका काढला तरी तो बघणाऱ्याच्या हातांना त्यांची स्वतःची सवय असते. मी साइटवर गेले तेव्हा भिंती वर आल्या होत्या आणि न्हाणीला चौकट बसली होती. अडीच फुटांची.

"मिस्त्री, हे काय?"

"काय झालं?"

"नकाशात तीन फूट आहे. आणि चौकट नाही, सरकतं दार आहे."

गजानन मिस्त्रींनी खिशातून नकाशाची घडी काढली, उलगडली, बघितली. "लिहिलं त हाय," ते म्हणाले. "पन बाई, संडासचं दार कोनी तीन फुटाचं बसवते का? मले वाटलं तुमचं चुकलं. म्हनून मी सुधारून घेतलं."

त्यांच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. त्यांना खरंच वाटलं होतं की ते मला सांभाळून घेताहेत. आता फोडायचं म्हणजे शेजारच्या खांबाला धक्का लावता येत नव्हता आणि दुसऱ्या बाजूच्या भिंतीतून पाण्याचा पाइप गेला होता. "राहू द्या ना," मिस्त्री म्हणाले. "खुर्ची जाईन. बरोब्बर जाईन, जराशी तिरपी केली का."

तेवढ्यात बाहेर व्हॅन थांबली. त्या दिवशी प्रमिलाबाई वसंतरावांना घर दाखवायला आणणार होत्या, हे मला माहीत नव्हतं. उतार अजून झाला नव्हता. मजुरांनी फळ्या टाकल्या आणि खुर्ची वर घेतली. वसंतराव सगळीकडं बघत पॅसेजमधून आले, वळले, दारासमोर उभे राहिले. आम्ही कोणी काही बोलायच्या आत त्यांनी चाकं फिरवली.

खुर्ची अर्धी आत गेली आणि अडकली. त्यांनी मागं घेतली, जराशी तिरपी केली, पुन्हा ढकलली. दोन्ही हातांची बोटं चौकटीवर घासली गेली. उजव्या हाताच्या बोटांवरची साल निघाली. त्यांनी ती बोटं तोंडात धरली, लहान मूल धरतं तशी, आणि कुणाकडं न बघता खुर्ची मागं घेतली.

"चाल," ते बायकोला म्हणाले. "पाहलं घर."

प्रमिलाबाई माझ्याकडं वळल्या. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण त्या गजानन मिस्त्रींना म्हणाल्या, "दादा, काढा ते."

मिस्त्री वसंतरावांच्या हाताकडं बघत होते. त्यांनी मजुराला हाक मारली नाही. कोपऱ्यातला घण स्वतः उचलला. "भाऊ, जरा मांगं सरका," म्हणाले, "गिट्टी उडन."

पुढचा तासभर मी सिमेंटच्या पोत्यांवर लॅपटॉप ठेवून बसले होते. खांब हलवायचा नाही, पाइप कमीत कमी हलवायचा, दार मात्र तीन फूट मोकळं हवं. मी दार पाइपाच्या बाजूला वाढवलं, तर बेसिन वाटेत आलं. बेसिन पलीकडच्या भिंतीवर नेलं, तर वर्तुळ कमोडला अडलं. कमोड फिरवला. तेव्हा खुर्ची आत गेली, वळली, कमोडच्या शेजारी समांतर लागली. जोडून ठेवलेल्या पानांमध्ये फरशीचा, पाण्याचा, विजेचा नकाशाही सोबतच बदलला होता; नाहीतर तिथं बसून ते सगळं करणं मला शक्यच नव्हतं. मिस्त्री मधूनमधून घण टेकवून पडद्यात डोकावत होते. "इथं धरायले दांडा लागन," त्यांनी कमोडच्या बाजूची भिंत दाखवली. "नाई तर खुर्चीतून तिकडं सरकतीन कसे? भिंतीत पक्का गाडून देतो." तो माझ्या नकाशात होता, पण हलक्या पाइपाचा. मी त्यांचा पक्का दांडा घातला.

व्हॅन गेली नव्हती. वसंतराव खिडकीशी खुर्ची लावून बसले होते. चौकट अजून नव्हती तिथं, नुसती मोकळी जागा. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाला तरी त्यांनी विचारलं, "काय रे, कुठच्या गावचा?" घण थांबला तसं मला ते ऐकू आलं.

त्यानंतर मी माझ्या कोऱ्या फाइलमधला संडासाच्या दाराचा अडीच फुटांचा ठसा काढून टाकला. सर म्हणाले, "प्रत्येक घरात थोडाच खुर्चीवरचा माणूस असतो?" मी म्हटलं, "आज नसतो." त्यांनी वाद घातला नाही. पण पुढं काही गिऱ्हाइकांनी भिंत वाचवायला दार पुन्हा अरुंद करून घेतलं, आणि मला ते करून द्यावं लागलं. त्याची रुखरुख आहे. हे काम शेवटी दुसऱ्याच्या घराचं असतं.

आता मी ऑफिसला जात नाही. घरूनच थोडंफार काम करते. माऊस अजून डाव्या हातातच आहे. तायडेंकडं शेवटची गेले ती त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्याचं माप घ्यायला. वसंतराव पुढच्या खिडकीशी होते आणि रस्त्यावरच्या भाजीवाल्याशी वांग्यावरून हुज्जत घालत होते. मला बघून म्हणाले, "या बाई. बसा." मग खुर्ची वळवली आणि पॅसेजमधून आत गेले.

माझ्याशी बोलता बोलता प्रमिलाबाई उठल्या आणि त्यांच्या मागं गेल्या. त्यांच्याही ध्यानात नसावं. न्हाणीचं दार सरकलं, आतून कडी लागली. त्या तिथंच बंद दारासमोर उभ्या राहिल्या.

आतून आवाज आला, "काहून उभी हायस तिथं? पाहुनी बसली न तिकडं. जाय."

त्या परत आल्या, माझ्यासमोर बसल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग म्हणाल्या, "च्या मांडते." पण उठल्या नाहीत.